सहा फेब्रुवारी : लोकप्रिय संगीताच्या एका दिवसाचा आढावा

मराठी वृत्तपत्रांत आणि नभोवाणीवर दिनविशेषाचे सदर चालविण्याचा शिरस्ता जुना आहे. त्या त्या तारखेस कोण जन्मला, कोण निवर्तला, कोणती संस्था स्थापन झाली आणि कोणता तह झाला, एवढे चार-दोन ओळींत सांगून हे सदर आपले कर्तव्य पुरे करते. राजकीय इतिहासाच्या बाबतीत अशा यादीने काही चूक केली तरी फारसे बिघडत नाही, कारण तेथे तारखांच्या पाठीशी दप्तरे उभी असतात. परंतु ध्वनिमुद्रिका, नभोवाणी आणि बोलपट यांच्या आश्रयाने विसाव्या शतकात वाढलेले, कोट्यवधी लोकांच्या मुखी बसलेले आणि तरीही ज्याची साधने अद्याप विखुरलेलीच राहिली आहेत असे जे लोकप्रिय संगीत, त्याच्या बाबतीत हे दिनविशेषच पुष्कळदा एकमेव सार्वजनिक टिपण ठरते. म्हणून एका तारखेच्या आधाराने या संगीताचा इतिहास कितपत हाती लागतो, त्यातले काय भरवशाचे असते आणि काय मुळातच सुटून जाते, या प्रश्नाचा एकदा स्वस्थ चित्ताने विचार करणे अगत्याचे आहे.

असा विचार एखादी निश्चित तारीख समोर ठेवल्यावाचून करता येत नाही. मी त्यासाठी ६ फेब्रुवारी ही तारीख घेतो. या तारखेस १९१५ साली माळव्यातील बडनगर येथे कवी प्रदीप जन्मले. १९४५ साली जमैका बेटाच्या डोंगराळ भागात बॉब मार्ली जन्मला आणि १९५० साली लॉस एंजेलिस येथे नॅटली कोल. १९६० साली अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात जेसी बेल्विन हा तरुण गायक अपघातात दगावला. १९९८ साली एकाच दिवशी कॅलिफोर्नियात कार्ल विल्सन आणि डोमिनिकन प्रजासत्ताकात व्हिएन्नाचा गायक फाल्को यांचा अंत झाला. आणि २०२२ साली, रविवारी सकाळी, मुंबईत लता मंगेशकर निवर्तल्या. माळवा आणि मुंबई, जमैका, अमेरिका आणि ऑस्ट्रिया यांना एका ओळीत बसविणारी ही यादी वरवर पाहता केवळ योगायोगाची वाटते, आणि बहुतांशी ती तशीच आहे. तथापि ती नीट उलगडून पाहिली म्हणजे दिनविशेषाची शक्ती आणि त्याची मर्यादा या दोहोंचाही पडताळा येतो.

आपल्याकडे इतिहासाच्या साधनांत बखर आणि शकावली असे दोन प्रकार जुन्या काळापासून चालत आले आहेत. बखर रसाळ असते. तीत प्रसंग असतात, संवाद असतात, शौर्य असते आणि करुणाही असते. शकावली कोरडी असते. तीत मिती आणि घटना यांपलीकडे काही नसते. परंतु शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद उभा राहिला तेव्हा बखरींच्या सर्व रसाळपणापेक्षा लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीतील एक कोरडी नोंद अधिक वजनदार ठरली. बखरकारांनी परंपरेने सांगितलेले वर्ष तीन वर्षे मागे पडले आणि शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेला अभ्यासकांची मान्यता मिळत गेली. लोकप्रिय संगीताच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले तर असे दिसते की, आपल्याजवळ बखरी विपुल आहेत आणि शकावली जवळजवळ नाही. दिनविशेष हा शकावलीचा वेष घेऊन येतो खरा, पण त्याच्या आत बहुधा जन्म आणि मृत्यू या दोनच नोंदी असतात, आणि या दोन्ही नोंदी कलावंताच्या कामाच्या नसून सरकारच्या व कुटुंबाच्या दप्तरातल्या असतात.

यादीतील सर्वांत अलीकडची नोंद आपल्याला सर्वांत जवळची आहे. लता मंगेशकर यांना ८ जानेवारी २०२२ रोजी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात दाखल करण्यात आले, आणि करोनाच्या संसर्गानंतर सुमारे चार आठवड्यांनी, ६ फेब्रुवारीच्या सकाळी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच संध्याकाळी शिवाजी पार्कवर शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार झाले. केंद्र सरकारने दोन दिवसांचा दुखवटा जाहीर केला, राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरविण्यात आला आणि महाराष्ट्र शासनाने दुसऱ्या दिवशी सार्वजनिक सुटी दिली. एखाद्या पार्श्वगायिकेच्या मृत्यूने राज्यकारभाराचे व्यवहार थांबावेत ही घटना या कलेच्या इतिहासात लहान नाही. कारण ज्या काळी त्यांनी गायला आरंभ केला त्या काळी पार्श्वगायकाचे नाव ध्वनिमुद्रिकेवर येईलच अशी शाश्वती नव्हती.

या शेवटच्या विधानाला पुरावा 'महल' चित्रपटाचा आहे. १९४९ साली खेमचंद प्रकाश यांनी संगीत दिलेल्या या चित्रपटातील जे गीत लताबाईंच्या कीर्तीचा पाया मानले जाते, त्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव म्हणून 'कामिनी' असे छापले होते, आणि कामिनी हे तर मधुबालेने रंगविलेल्या पात्राचे नाव. आवाज कोणाचा, अशी पृच्छा करणारी पत्रे श्रोत्यांनी नभोवाणीकडे पाठविली, तेव्हा ध्वनिमुद्रिका कंपनीकडून खरे नाव मिळवून ते नभोवाणीवर सांगण्यात आले. म्हणजे ज्या व्यक्तीच्या मृत्यूची वेळ घटका-पळांसह नोंदली गेली, त्याच व्यक्तीच्या कारकिर्दीतील सर्वांत निर्णायक कामाची आरंभीची नोंद एका कल्पित नावाने झाली होती. जन्ममृत्यूची नोंद आणि कामाची नोंद यांत केवढे अंतर असते, हे यावरून ध्यानात यावे.

आणि हे अंतर पुढेही मिटले नाही. १९४२ च्या एप्रिलमध्ये वडील मास्टर दीनानाथ यांचे निधन झाल्यावर तेरा वर्षांच्या वयात कुटुंबाचा भार उचलणाऱ्या या मुलीने 'किती हसाल' या मराठी चित्रपटासाठी गायिलेले पहिले गीत अखेर चित्रपटात घेतले गेले नाही. त्याच वर्षीच्या 'पहिली मंगळागौर'मध्ये मात्र तिचा आवाज ऐकू आला. तेथून पुढे सात दशकांहून अधिक चाललेल्या या गायनाची एकूण मोजदाद किती, या प्रश्नावर जगप्रसिद्ध विक्रमग्रंथानेही ठोकर खाल्ली. १९७४ च्या सुमारास गिनेसच्या ग्रंथाने लताबाईंच्या नावावर किमान २५,००० गीते घातली, मोहम्मद रफी यांनी त्यास हरकत घेतली, आणि १९९१ नंतर ती नोंदच गाळण्यात आली. ज्यांनी प्रत्यक्ष ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटांच्या पुस्तिका तपासून एकेक गीत मोजले, त्या सूचीकारांना मात्र या आकड्याचा एक लहान अंशच सापडला. मुंबईचे विश्वास नेरूरकर यांनी सिद्ध केलेली लताबाईंच्या गीतांची सूची आणि कानपूरचे हरमंदिरसिंग 'हमराज' यांनी दशकवार संपादित केलेला 'हिंदी फिल्म गीत कोश' हे या बाबतीतले खरे आधारग्रंथ होत. या दोघांनी कोणतेही विद्यापीठ वा खाते पाठीशी नसता केवळ संग्राहकाच्या निष्ठेने जे केले, ते शकावलीकाराचे काम होय. आणि त्या कामाला आपण अजून पुरता मान दिलेला नाही.

आता याच तारखेच्या पहिल्या नोंदीकडे वळू. रामचंद्र नारायणजी द्विवेदी हे प्रदीपांचे मूळ नाव. बडनगर हे त्यांचे गाव उज्जैनच्या परिसरातले, आणि लताबाईंचे जन्मस्थान जे इंदूर तेही त्यापासून फार दूर नाही. मराठ्यांच्या राजवटीने ज्या माळव्याला मराठी भाषेची आणि मराठी कुटुंबांची ओळख करून दिली, त्याच माळव्यात हे दोन्ही जन्म झाले. बॉम्बे टॉकीजच्या आश्रयाने प्रदीपांची गीते बोलपटांत येऊ लागली. १९४३ च्या 'किस्मत'साठी त्यांनी लिहिलेले, परकीयांना हिंदुस्थानातून दूर होण्यास बजावणारे समूहगीत युद्धकाळच्या सेन्सॉरपुढे जर्मनी व जपान यांना उद्देशून असल्याचे भासविण्यात आले होते. श्रोत्यांनी त्याचा खरा रोख तात्काळ ओळखला, आणि कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहात तो चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला.

परंतु ६ फेब्रुवारी या तारखेला प्रदीप आणि लता मंगेशकर यांची नावे शेजारी आली की सर्वांच्या मनात येते ते 'ऐ मेरे वतन के लोगो' हे गीत. चीनबरोबरच्या १९६२ च्या युद्धातील पराभवाचा घाव ताजा असताना लिहिल्या गेलेल्या या गीताला तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर यांनी संगीत दिले, आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत लताबाईंनी ते गायिले. गीतकाराचा जन्म आणि गायिकेचा मृत्यू एकाच तारखेस व्हावा यात अनेकांना दैवी संकेत दिसला. शोकाच्या प्रसंगी मनाला असा आधार घ्यावासा वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्या भावनेचा अनादर करण्याचे काही कारण नाही. परंतु इतिहासाच्या दृष्टीने विचार करू जाता असे म्हणावे लागते की, या दोन कलावंतांना बांधणारी तारीख ६ फेब्रुवारी नव्हे, २७ जानेवारी होय. पहिली तारीख त्यांना कोणी विचारून दिली नाही. दुसरी त्यांनी, चितळकरांनी आणि मागे बसलेल्या वादकांनी तालमी करून मिळविली.

आणि गंमत नव्हे, खेदाची गोष्ट अशी की, जिची नोंद निःसंदिग्ध असावयास हवी त्या या दुसऱ्या तारखेबद्दलच लेखांत आणि कथनांत घोटाळा आढळतो. कोणी तो प्रजासत्ताकदिनाचाच समारंभ म्हणून २६ जानेवारी लिहितो, कोणी स्थळ म्हणून रामलीला मैदानाचे नाव देतो. प्रदीपांना ओळी समुद्रकिनारी कशा सुचल्या, आधी गीत कोण गाणार होते, पंडितजींच्या डोळ्यांत अश्रू कसे आले, या सर्व कथा मात्र सविस्तर उपलब्ध आहेत. ही बखर आहे, आणि ती जपलीच पाहिजे. पण तिच्या शेजारी शकावली नसली म्हणजे काय होते ते याच गीताच्या उत्तरचरित्राने दाखवून दिले. गीताचे उत्पन्न युद्धात पती गमावलेल्या सैनिकपत्नींच्या निधीस मिळावे, अशी प्रदीपांची लेखी इच्छा होती. प्रत्यक्षात ती रक्कम बराच काळ पोहोचली नाही, आणि अखेर २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रिका कंपनीस दहा लाख रुपये भरण्याचा हुकूम दिला. त्या वेळी प्रदीपांना जाऊन सात वर्षे होत आली होती. ज्या व्यवहारात हिशेबाची वही नियमाने लिहिली जात नाही, तेथे कवीची इच्छासुद्धा न्यायालयाच्या दारी जाते.

जमैकाची नोंद याहून निराळ्या प्रकारची आहे. सेंट अ‍ॅन परगण्यातील नाइन माइल या खेड्यात ६ फेब्रुवारी १९४५ रोजी बॉब मार्लीचा जन्म झाला. आई कृष्णवर्णीय, तरुण आणि खेडवळ, वडील वयाने बरेच मोठे असलेले गोरे गृहस्थ. किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीत पीटर टॉश आणि बनी वेलर यांच्या संगतीत त्याने गायनाचा आरंभ केला, आणि १९७३ च्या 'कॅच अ फायर' या ध्वनिमुद्रिकेपासून रेगे हा त्या लहान बेटावरील संगीतप्रकार जगाच्या बाजारपेठेत आला. १९७६ च्या ३ डिसेंबरला त्याच्या घरात शिरून मारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या, आणि ५ डिसेंबरला तो जखमी अवस्थेतच ठरलेल्या जाहीर कार्यक्रमात उभा राहिला. २२ एप्रिल १९७८ रोजी किंग्स्टनच्या नॅशनल स्टेडियममध्ये त्याने पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी नेते एडवर्ड सिआगा या परस्परांच्या कट्टर वैऱ्यांचे हात रंगमंचावर एकत्र धरले. १९८० च्या एप्रिलमध्ये झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात तो गायिला, आणि ११ मे १९८१ रोजी, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, कर्करोगाने त्याचा अंत झाला.

मार्लीच्या चरित्रात अशा कामाच्या तारखा इतक्या ठळक आहेत की जन्मतारखेला वेगळे महत्त्व येऊ नये. तरीही जमैकाने ६ फेब्रुवारी हीच तारीख उचलली आणि तिला बॉब मार्ली दिनाचे रूप दिले. पुढे २००८ पासून तेथे सबंध फेब्रुवारी हा रेगेचा महिना म्हणून साजरा होऊ लागला, कारण डेनिस ब्राउन हा दुसरा थोर गायक १ फेब्रुवारीला जन्मला होता. मार्लीच्या साठाव्या जयंतीस, म्हणजे ६ फेब्रुवारी २००५ रोजी, त्याच्या कुटुंबीयांनी इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबाच्या मेस्केल चौकात, प्रचंड संगीतमहोत्सव भरविला. ज्या रास्ताफारी पंथाचा मार्ली अनुयायी होता त्याची श्रद्धा इथिओपियाच्या सम्राटावर आणि आफ्रिकेच्या भूमीवर जडलेली. तेव्हा हा महोत्सव तीर्थयात्रेसारखाच होता. येथे जन्मतारीख ही केवळ स्मरणाची राहिली नाही. तिने स्वतः नवी घटना घडविली, दुसऱ्या खंडात लोक जमविले आणि संगीताच्या इतिहासात आपल्या हक्काची एक नोंद मिळविली. दिनविशेषाची शक्ती कशात आहे, या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. तारीख भूतकाळाचे ज्ञान देत नसली तरी वर्तमानकाळात लोकांना एकत्र आणू शकते, आणि जो समाज तिचा असा उपयोग करतो त्याची ती खरोखर होते.

याउलट जेसी बेल्विनची नोंद पाहा. हा टेक्सासमध्ये जन्मलेला आणि लॉस एंजेलिसमध्ये वाढलेला कृष्णवर्णीय गायक व गीतकार १९५० च्या दशकात इतका सहज गीते रचीत असे की पुष्कळ रचना त्याने थोड्याशा रोख रकमेवर विकून टाकल्या आणि त्या इतरांच्या नावे गाजल्या. १९५४ च्या 'अर्थ एंजल' या अफाट खपलेल्या गीताच्या कर्तृत्वाबद्दल न्यायालयात दावा चालला, आणि कर्त्यांत त्याचेही नाव लागले. आर्कान्साच्या लिटल रॉक शहरात, जेथे १९५७ साली नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचविण्यासाठी सैन्य पाठवावे लागले होते, तेथे गोऱ्या आणि काळ्या मिश्र श्रोत्यांपुढे गाऊन परतत असता ६ फेब्रुवारी १९६० रोजी होप या गावाजवळ त्याची मोटार दुसऱ्या मोटारीवर आदळली आणि तो सत्ताविसाव्या वर्षी मरण पावला. त्याची पत्नीही त्या अपघातातून वाचली नाही. त्याच्या मृत्यूचा दिवस, गाव आणि रस्ता हे सर्व नोंदलेले आहे. त्याने किती गीते रचली हे मात्र कोणालाही नेमके सांगता येणार नाही, कारण ज्या व्यवहारात ती हस्तांतरित झाली त्याची पावतीच फाडली गेली नव्हती.

इतर नोंदींवरून अधिक त्वरेने जाण्यास हरकत नाही. १९९८ च्या ६ फेब्रुवारीला निवर्तलेला कार्ल विल्सन हा 'बीच बॉइज' या कॅलिफोर्नियाच्या वाद्यवृंदातील तिघा भावांपैकी धाकटा. १९६६ च्या 'पेट साउंड्स' या ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत हळुवार गीत त्याच्या आवाजात आहे. त्याच दिवशी डोमिनिकन प्रजासत्ताकात मोटार-अपघातात ठार झालेल्या फाल्कोने १९८६ साली मोझार्टवरील आपले जर्मन गीत अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर नेले होते, आणि जर्मन भाषेतील गीताला तेथे तो मान त्यापूर्वी कधी मिळाला नव्हता. या दोघांत तारखेखेरीज काहीही समान नाही. अशा जोडीला दिनविशेषाने एका ओळीत बसविले तरी तिच्यातून अर्थ निघत नाही, आणि तो ओढूनताणून काढूही नये. २०११ साली याच तारखेस स्पेनमध्ये मरण पावलेला बेलफास्टचा गिटारवादक गॅरी मूर, किंवा १९६२ आणि १९६६ साली जन्मलेले अ‍ॅक्सल रोझ व रिक अ‍ॅस्टली हे गायक, यांची नावे नोंदवून पुढे जावे, एवढेच.

नॅटली कोलची नोंद मात्र क्षणभर थांबण्यासारखी आहे. तिचे वडील नॅट किंग कोल यांनी १९५१ साली ध्वनिमुद्रित केलेल्या 'अनफर्गेटेबल' या गीताच्या मूळ मुद्रणाला १९९१ साली तिने आपला आवाज जोडला, आणि १९६५ मध्ये निवर्तलेल्या पित्याबरोबर कन्येचे युगुलगीत जगाने ऐकले. पुढच्या वर्षी त्यास ग्रॅमी पारितोषिके मिळाली. आता या गीताची तारीख कोणती मानावी? पित्याचा आवाज एका वर्षाचा, कन्येचा चाळीस वर्षांनंतरचा, आणि श्रोत्याला दोन्ही एकाच क्षणी मिळालेले. मुद्रित संगीताच्या बाबतीत 'घटना' ही कल्पनाच अनेक पदरी आहे, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट होते. गीत रचले जाते, त्याची तालीम होते, ते मुद्रित होते, बाजारात येते, नभोवाणीवर लागते, चित्रपटात दिसते. या प्रत्येक पायरीला वेगळी तारीख असते, आणि त्यांपैकी कोणती धरली हे न सांगता दिलेली तारीख पुढच्या अभ्यासकाला आडवाटेला नेते.

ज्या देशांत या पायऱ्यांची नोंद ठेवली गेली तेथे इतिहासाचे रूपच पालटले. १९६३ च्या ११ फेब्रुवारीला लंडनच्या अ‍ॅबी रोडवरील ई.एम.आय.च्या मुद्रणगृहात बीटल्सनी एका दिवसात आपल्या पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेची दहा गीते मुद्रित केली. ही गोष्ट आज ठामपणे सांगता येते, कारण मुद्रणगृहाने प्रत्येक प्रयत्नाची नोंद केली, कागद जपले, आणि मार्क ल्युइसन या अभ्यासकाने १९८८ साली ते सर्व ताडून दिवसवार इतिहास प्रसिद्ध केला. अमेरिकेचा जाझ संगीतकार लुई आर्मस्ट्राँग आपली जन्मतारीख ४ जुलै १९०० सांगत असे. त्याच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी न्यू ऑर्लिन्सच्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वहीत ४ ऑगस्ट १९०१ ही खरी तारीख सापडली. जुन्या ध्वनिमुद्रिकांवर मध्यभागी कोरलेला मुद्रणक्रमांक हाही असाच एक अबोल साक्षीदार आहे; अशा क्रमांकांची ओळीने मांडणी केली असता कोणते गीत कोणत्या सुमारास मुद्रित झाले याचा छडा लागतो. म्हणजे साधने नसतात असे नाही. ती वाचणारा आणि जपणारा असावा लागतो.

आपल्याकडे काळाची गणना दुहेरी आहे, आणि तिचाही विचार येथे केला पाहिजे. लताबाई गेल्या तो दिवस पंचांगाप्रमाणे माघ शुद्ध षष्ठीचा, वसंतपंचमीच्या, म्हणजे सरस्वतीपूजनाच्या दुसऱ्या दिवसाचा. तिथीने पुण्यतिथी पाळणाऱ्याला हा दिवस दर वर्षी निराळ्या तारखेस येईल, आणि सरस्वतीच्या उत्सवाशी त्याचे सान्निध्य मात्र कायम राहील. तारखेने पाळणाऱ्याला प्रदीपांचा जन्म कायमचा शेजारी राहील. दोन्ही गणना आपापल्या परीने सार्थ आहेत. पुणे आकाशवाणीवर ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीस सुरू झाले आणि पुढील रामनवमीच्या सुमारास, १९ एप्रिल १९५६ रोजी संपले. मध्ये अधिक महिना आल्यामुळे बावन्नाऐवजी छपन्न गीते झाली. पंचांगाच्या एका गणिताने मराठी सुगमसंगीताला चार गीते अधिक दिली, असे म्हटले तर ते अक्षरशः खरे आहे. आणि हे आपल्याला सांगता येते, कारण त्या मालिकेच्या प्रक्षेपणाच्या तारखा टिकल्या. गायक सवाई गंधर्व यांची पुण्यतिथी सप्टेंबरातली. पण त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात चालणारा महोत्सव डिसेंबराच्या थंडीत स्थिरावला, आणि त्याने कोणाचाही अवमान झाला नाही. स्मरण तारखेला बांधलेले नसते. संशोधन मात्र असते.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा की, दिनविशेष हे लोकप्रिय संगीताच्या इतिहासाचे प्रवेशद्वार म्हणून उपयुक्त आहे, पण तेच घर समजून उंबरठ्यावर बसून राहण्यात हित नाही. जन्म आणि मृत्यू यांच्या तारखा समाजाला एकत्र आणतात. जमैकाने ते करून दाखविले, आणि आपणही शिवाजी पार्कवर त्याचा अनुभव घेतला. पण त्या तारखांच्या उजेडात कलावंतांतील मोजकेच लोक उभे राहतात. चितळकरांच्या वाद्यवृंदात पाश्चात्त्य वाद्यांचे पदर विणणारा गोव्याचा चिक चॉकलेट, शंकर-जयकिशन यांच्या गीतांची वाद्यरचना लिहिणारा सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचा व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस, अशा संगीत-संयोजकांची नावे कित्येक दशके श्रेयनामावलीत आलीच नाहीत. त्यांचा जन्मदिन वा स्मृतिदिन कोणत्याही सदरात फारसा झळकत नाही. त्यांना इतिहासात स्थान मिळावयाचे तर ते कामाच्या दिवसाच्या नोंदीतूनच मिळेल : अमुक तारखेस, अमुक मुद्रणगृहात, अमुक गीत, वादक अमुक, वाद्यरचना अमुक.

ही नोंद करण्याची मुदत फार उरलेली नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांच्या नायट्रेटवरील मूळ प्रती भस्मसात झाल्या. कागद आणि स्मृती यांचा नाश याहून शांतपणे, पण तितक्याच निश्चितपणे चालू आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, आकाशवाणीची केंद्रे, ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या वह्या, निर्मात्यांचे जमाखर्च, वादकांना दिलेल्या मानधनाच्या पावत्या आणि खासगी संग्राहकांची कपाटे यांत जे काही शिल्लक आहे ते एकत्र आणून मराठी व हिंदी चित्रसंगीताची दिवसवार शकावली सिद्ध करणे हे काम एका माणसाचे नाही. त्यासाठी विद्यापीठाच्या संगीत आणि इतिहास या दोन्ही विभागांनी, शासनाच्या सांस्कृतिक खात्याने आणि संग्राहकांनी एकत्र बसले पाहिजे. नेरूरकर आणि 'हमराज' यांनी पाया घातलेला आहेच. त्यांच्या सूचींत मुद्रणाची तारीख, स्थळ आणि वादकांची नावे हे तीन रकाने वाढविणे, एवढाच या मागणीचा गाभा आहे. वर्तमानपत्रांनीही दिनविशेषात जन्ममृत्यूच्या नोंदींबरोबर रोज एक तरी कामाची नोंद देण्याचा शिरस्ता पाडावा. २७ जानेवारीस प्रदीप, चितळकर आणि लता मंगेशकर ही तिन्ही नावे एकत्र छापली जाऊ लागली, तर ६ फेब्रुवारीच्या श्रद्धांजलीला जो अर्थ आज योगायोगाकडून उसना घ्यावा लागतो, तो तिला स्वतःच्या अधिकाराने प्राप्त होईल.